चितळाची हाडं

बाई, परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली आणि मला मळमळलं.

अलंकार म्हणून म्हणत नाही. खरोखर उमासे आले, आणि मी खिडकीजवळची खुर्ची धरली. तुम्ही असतात तर शेजारून कोपर मारून म्हणाला असतात, "नाटक्या, सुरू झालं काय तुझं?" हौ बाई, सुरू झालं. आणि आता मला गप्प बसवायला तुम्ही नाही, तेव्हा पूर्ण होईपर्यंत चालणार.

आधी तुमचा फोटो. स्टुडिओवाल्यानं तो दारापेक्षा थोडासाच लहान केला होता आणि तुम्हाला गोरं करून टाकलं होतं. हनुवटीवरचा तीळ पुसला, कपाळावरच्या आठ्या पुसल्या. मी दोन वेळा जवळ जाऊन पाहिलं, म्हटलं चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो की काय. त्यावर रजनीगंधाचा हार, आणि हारात मधे मधे प्लास्टिकची फुलं, कारण खऱ्यात काटकसर. मग प्राचार्य उठले. नवे आहेत, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही आणि त्यांनी तुम्हाला. त्यांनी "अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेल्या" हे इतक्या वेळा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटावं, तुम्ही लहानपणी विहिरीत पडला होतात आणि कॉलेजनं दोर टाकून काढलं. त्यानंतर स्टाफरूममधल्या एका मॅडमनी तुमच्या हातच्या झुणक्याची आठवण सांगून डोळे पुसले. बाई, त्या झुणक्याला त्यांचं बोटसुद्धा कधी लागलं नव्हतं. त्या टेबलावर तुमचा डबा उघडला की बाकीचे डबे कसे सरकायचे ते मी पाहिलंय. मी खायचो, पण त्यात माझी काही थोरवी नाही. तुमचा झुणका चांगला असायचा आणि मी हावरट होतो.

इथपर्यंत मी सहन केलं. मग वनखात्याचे रेंजरसाहेब उठले.

हो, तेच. आता रिटायर झालेत, सुटलेत, केस कोळशासारखे काळे केलेत. त्यांनी सुकलूची गोष्ट सांगितली. वाईट सांगितली, आणि स्वतःची म्हणून सांगितली. ती कशी सांगितली ते पुढे येईलच. पण आधी ती घडली तशी सांगतो, कारण तिथे होतो आपण मोजकेच, आणि त्यातल्या ज्या बाईला ती सांगायचा खरा हक्क होता तिला फोटोत गोरं करून भिंतीला टेकवलंय.

नव्वदच्या दशकातले ते आपल्या बालाघाटकडचे, हिंदी मुलखातले उन्हाळे. लोक जीपमधून वाघ पाहायला जातात ते जंगल आपलं नव्हतं. आपलं जंगल कापायचं जंगल. साग लावायचा, वाढवायचा, तोडायचा. बांबू पाळीपाळीनं काढायचा. पुढचा तुकडा तोडायला घेण्याआधी त्यात कोण राहतं हे खात्याला कळावं म्हणून दर उन्हाळ्यात पाहणी व्हायची, आणि मास्तर लोकांना सुट्ट्या असतात म्हणून कॉलेजातून माणसं मागवायचे. मी वनस्पतीशास्त्राचा. माझा विषय एका जागी उभा राहायचा आणि त्याला वास यायचा तो बहुधा चांगला. तुमचा विषय दिसायचा नाही. तो जाताना जे मागे टाकून जायचा, त्यावरून तुम्ही त्याला ओळखायचात.

मला तुमची किळस यायची, बाई. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. इतर प्राणीशास्त्रवाले काडीनं विष्ठा उकरायचे. तुम्ही पदर खोचून उकिडव्या बसायचात, बोटांनी फोडायचात, नाकाशी न्यायचात आणि मग ती माझ्यासमोर धरून म्हणायचात, "वास घे." जणू अत्तर विकताय. "घे ना रे. अस्वलाचं हाये. मोहाच्या फुलांचा कसा घमघमाट येऊन राह्यला." आणि खरंच यायचा, हेच जास्त भयंकर. वाघ-बिबट्याचं असलं की ते आपल्या मुक्कामाच्या डेऱ्यावर आणून तामचिनीच्या घमेल्यात भिजवायचं, चहाच्या गाळणीत धुवायचं, आणि उरलेले केस वर्तमानपत्रावर वाळत घालायचे. कोणाला खाल्लं ते केसावरून कळतं. डेऱ्यावर चहाच्या गाळण्या दोन होत्या. त्यातली चहाची मी उशाखाली घेऊन झोपायचो.

केसाचा ठसा घ्यायला काचपट्टीवर बिनरंगाचं नेलपॉलिश लावतात. ते आणायला आपण गावातल्या बांगडीवाल्याकडे गेलो होतो, आठवतं? तुमची नखं कशी असायची ते सगळ्या बालाघाटला ठाऊक. तुम्ही एकदम डझनभर बाटल्या मागितल्या. त्या बिचाऱ्यानं तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार समजूतदार चेहरा करून म्हणाला, "शादी है क्या घर में?" तुम्ही म्हणालात, "हौ. वाघाची."

एकदा मी फारच नाक मुरडलं. म्हटलं, आमच्याकडे शेणानं सारवतात, पण ते गाईचं. तुम्ही हात पुसत विचारलंत, "म्हणजे तुमच्यात शेणालेही जात असते काय रे?" मी हसलो. तुम्ही नाही हसलात. मग पुढचा ढिगारा फोडता फोडता सहज सांगावं तसं म्हणालात, "माझ्या आज्याले गाव मेलं ढोर ओढायले बोलवे. नुसतं हाड पाहून तो सांगे, कोनतं जनावर, किती वयाचं. त्याले कोनी सर नाही म्हटलं. तेच काम मी केलं तर मले मॅडम म्हणतात. आन् तू नाक दाबतं." एवढंच. पुन्हा तो विषय तुम्ही काढला नाही. मीही नाही काढला. माझं नाक मात्र त्यानंतरही दाबलेलंच राहिलं. पिढ्यांची सवय एका वाक्यानं सुटत नाही.

सुकलू त्या वर्षी आपल्याबरोबर वाट दाखवायला होता. गोंड माणूस, कमी बोलणारा. त्याची बायको फगनी त्याच्या वाट्याचंही बोलून टाकायची. गावातून पेज घेऊन ती डेऱ्यावर यायची तेव्हा तिच्या वेणीतला लाल लोकरीचा फुंदा पाठीवर उड्या मारायचा. तिला तुमचं काम कळलं त्या दिवशी ती मोहाच्या बुंध्याला टेकून हसत सुटली.

"मॅडम, आप दिनभर गू ढूँढते हो?"

"हाँ."

"और उसकी तनखा मिलती है?"

"मिलती है."

"सरकार के पास बहुत पैसा है," फगनी सुकलूला म्हणाली. "तू भी पढ़ लेता."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती पहाटे मोह वेचायला गेली आणि आली नाही. टोपली सापडली. फाटलेलं लुगडं सापडलं. वाघानं ओढत नेल्याचा माग नाल्यापर्यंत गेला आणि पलीकडच्या दगडांत हरवला. सगळं गाव शोधत होतं, आपणही. दोन-तीन दिवस गेले. सुकलू जेवत नव्हता. त्याचं म्हणणं एकच होतं, आणि तो ते ज्याला त्याला समजावून सांगत होता, जणू आपल्याला हे माहीतच नसेल: "साहब, मिट्टी तो देना पड़ेगा. कुछ तो चाहिए मिट्टी देने को."

मग गार्ड लोक नाल्यापलीकडून हाडं घेऊन आले. रेंजरसाहेबांनी ती नव्या पांढऱ्या कापडात बांधायला लावली. ऑफिसच्या आतल्या खोलीत ते गाठोडं टेबलावर ठेवलं होतं, बाहेर अंगणात गाव बसलं होतं आणि सर्वांत पुढे सुकलू. तुम्ही गाठोड्याची गाठ सोडली.

"मॅडम, आप रहने दीजिए," साहेब म्हणाले.

तुम्ही एक हाड उचललंत, फिरवलंत, ठेवलंत. "ये चीतल है."

"धीरे बोलिए."

"चीतल है, साहब. पुराना है. इसको तो कीड़े भी छोड़कर चले गए."

"मुझे भी मालूम है," साहेब म्हणाले. आणि मला त्यांचा तो चेहरा आठवतो, बाई, दुष्ट नव्हता. थकलेला होता. "पूरा गाँव बाहर बैठा है. आदमी भूखा बैठा है. उसके हाथ में कुछ तो देना है ना? रो लेगा, मिट्टी दे देगा, घर जाएगा. किसका क्या बिगड़ता है?"

मी तुम्हाला कोपऱ्यात ओढलं. मी साहेबांच्या बाजूचा होतो, आणि हे काही कबुली म्हणून सांगत नाही, कारण परवापर्यंत होतो. म्हटलं, "बाई, गप्प राहा. गाठोडं तो उघडणार नाही. त्याला झोप लागू द्या."

तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, "तुह्या बापाच्या जागी शेळीची हाडं घेऊन जाशीन काय रे वैनगंगेवर?"

मी नाटकातला माणूस. गणपतीत वीस वर्षं रंगभूमी गाजवली, कधी वाक्य विसरलो नाही. तिथे मी नुसता तुमचा धरलेला हात सोडला.

तुम्ही बाहेर गेलात आणि सुकलूसमोर मातीत बसून त्याला सांगितलंत. सांगून उठून आला नाहीत, तिथेच बसून राहिलात. सुकलूनं गाठोडं मागितलं. गाठ सोडली. त्यानंही एक हाड उचललं, बोटानं चाचपलं. "हाँ," म्हणाला, "चीतल है." मग ते परत ठेवलं, गाठ होती तशी बांधली, उठला, आणि दोन्ही हातांनी ते गाठोडं रेंजरसाहेबांसमोर धरलं. "साहब, ये आपका है."

त्यानंतर जे झालं ते झालंच. गाव उसळलं. साहेबांना मागच्या दारानं जीपमध्ये बसावं लागलं. जाता जाता ते तुमच्यावर ओरडले, "हो गई तसल्ली? अब क्या गाड़ेगा वो?" आणि मला तो प्रश्न रास्त वाटला. डेऱ्यावर आल्यावर मी तोच मराठीत विचारला. खरं बोलून तुम्ही त्याच्या हातातलं होतं तेही काढून घेतलंत. आता तो काय पुरणार? तुम्ही घमेलं घासायला घेतलंत.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाहणी सोडून दिली. चितळ, सांबर, गवा, सगळे गेले उडत. फक्त वाघ. त्याच्या जायच्या-यायच्या वाटा, वणवा अडवायला जाळून मोकळ्या ठेवलेल्या जाळरेषा, नाल्यांची वाळू, जिथे जिथे तो टाकून जाईल तिथे तिथे तुम्ही. माझी झाडं मोजायची राहिली होती आणि ती कुठे पळून जाणार नव्हती, म्हणून मीही आलो. आणि मागे सुकलू. आपण त्याला कुणी या म्हटलं नव्हतं, आणि तुम्ही काय शोधताय हेही कुणी सांगितलं नव्हतं. त्याला विचारायची गरज नव्हती.

बाई, त्या दिवसांची किळस मी आजही शब्दांत पकडू शकत नाही, आणि मी शब्दांना घाबरणारा माणूस नाही. नाल्यातल्या उरलेल्या डबक्याकाठी तुम्ही धूत बसायचात. ऊन, माशा, तो वास. गाळणीत केस यायचे, तुम्ही बोटानं विलग करायचात. सांबर. वानर. पुन्हा सांबर. दर वेळी सुकलू लांबून मान उंच करायचा, तुम्ही मान हलवायचात, तो पुन्हा बसायचा. मला वाटायचं हे थांबवा. कुणीतरी या बाईला थांबवा. एक माणूस आपली बायको शोधतोय आणि कुठे शोधतोय!

मग एका सकाळी, जाळरेषेवर, तुम्ही एक उचललंत, नाकाशी नेलंत आणि मला म्हणाला नाहीत, "वास घे."

तेवढ्यावरूनच मला कळलं. तुम्ही ते तिथे फोडलं नाहीत. ओंजळीत धरून डबक्यापर्यंत नेलंत. सुकलूला म्हणालात, "भैया, उधर बैठो. मैं बुलाती हूँ." गाळणीत जे राहिलं त्याला नेलपॉलिश लागणार नव्हतं. लांब केस. त्यांत गुंतलेली लोकर, रंग गेलेली, पण लाल.

मी साजाच्या झाडामागे जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा तुम्ही पिशवीतून अंगाचा साबण काढला होता. नेहमीचे केस तुम्ही नुसत्या पाण्यानं धुवायचात. हे साबण लावून धुतलेत, पुन्हा धुतलेत, लहान मुलीची वेणी घालायच्या आधी सोडवतात तसे बोटांनी सोडवलेत. वर्तमानपत्र समोर पडलं होतं. तुम्ही ते घेतलं नाहीत. मांडीवर पदर पसरलात आणि त्यावर ते उन्हात वाळत ठेवलेत. वाळेपर्यंत हलला नाहीत. माश्या हाकलत होतात. मग सुकलूला हाक मारलीत.

त्यानं केसांना हात लावला नाही आधी. लोकरीला लावला. "ये मैं लाया था," म्हणाला. "बाजार से."

रेंजरसाहेब आले तेव्हा ते सगळं अजून तुमच्या पदरात होतं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वाघाला पिंजरा लावायचा तर वरून परवानगी हवी, परवानगीला पुरावा हवा, आणि पुरावा तुमच्या मांडीवर. त्यांनी बाटली मागवली. "मॅडम, यही एक सबूत है. बोतल में भरिए. कल दूसरी औरत गई तो?" तुम्ही ऐकेनात तेव्हा त्यांचा तोल गेला. "पागल हो गई हैं आप? गंदगी गोद में लेकर बैठी हैं!"

मी मध्ये पडलो. समजूतदारपणा हा आमच्या घराण्याचा धंदाच. म्हटलं, थोडं त्यांना द्या, थोडं सुकलूला.

"अर्धी बाई मातीत आन् अर्धी बाटलीत?" तुम्ही म्हणालात. "तू मोज तुही झाडं."

आणि पदर उचलून, एक केस खाली न पाडता, सगळं सुकलूच्या गमछ्यात ओतलंत. त्याच दिवशी त्यानं माती दिली.

पुढच्या उन्हाळ्यापासून तुम्हाला बोलावणं आलं नाही. मला येत राहिलं. मी म्हटलं मीही जात नाही, तर तुम्ही म्हणालात, "नाटक नको करू. जा. आन् डोळे उघडे ठेव." मी जायचो. तुमच्या जागी आलेला पोरगा चिमट्यानं विष्ठा उचलायचा, लांब धरून पिशवीत टाकायचा, नाकाला रुमाल. मला फार आवडायला हवा होता. मी आलो की तुम्ही पहिला प्रश्न विचारायचात, अस्वलाचं काय? आणि मी उत्तर द्यायला शिकलो होतो, याची मला स्वतःलाच जरा घाण वाटायची.

वाद आपला मिटला नाही. त्या गावातून वाघानं पुन्हा कुणाला नेलं नाही, तो वाघ पुढे कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. मी म्हणायचो, हे तुमचं नशीब. दुसरी कुणी गेली असती तर बाटली न भरल्याचं पाप कुणाच्या माथी? तुम्ही म्हणायचात, "माह्या." म्हणून मग मी दुसरीकडून शिरायचो. "आणि बाई, नसतं सापडलं तर? खोटी हाडं तर तुम्ही काढून घेतलीच होती. खरी मिळालीच नसती तर त्या माणसानं काय करायचं होतं?" स्टाफरूममध्ये विचारलं, तुमच्या घरी चहा पिताना विचारलं, वारासिवनीच्या बसमध्ये विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर पाहायचात, नाहीतर विचारायचात, "चहात साखर घातली काय तू?"

नागपूरच्या दवाखान्यात आलो तो हेच विचारायला. पलंगावर तुम्ही अर्ध्या झाला होतात. खाटेखाली भांडं होतं, खोलीत तो वास होता, आणि मी सवयीनं नाकाकडे हात नेला तो तुम्ही पाहिलात. "रोज सॅम्पल घेऊन जातात माह्यं," तुम्ही म्हणालात. "पन एकही जन वास घेऊन नाही पाहत. हे काय डॉक्टर व्हय?" मी इतका हसलो की शेजारच्या पेशंटचे नातेवाईक चिडले. तुम्हीही हसलात, मग दम लागला, मग नर्स आली आणि मला बाहेर काढलं. प्रश्न राहिला.

तर, रेंजरसाहेब.

परवा माईक धरून ते म्हणाले की, एका गरीब आदिवासीच्या पत्नीचे अवशेष मिळत नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतः मॅडमना सांगितलं, "मॅडम, जंगल का चप्पा-चप्पा छान मारिए, पर उस आदमी को खाली हाथ मत भेजिए." आणि मॅडमनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली ते करून दाखवलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! खुर्चीत मी होतो तोवर होतो. मग पुढे गेलो, माईक घेतला, आणि मला येतं ते केलं. रेंजरसाहेबांचा तेव्हाचा आवाज काढला. तो घसा, ते हिंदी, सगळं. "पागल हो गई हैं आप? गंदगी गोद में लेकर बैठी हैं!" नक्कल उत्तम झाली, बाई. नक्कल आहे हे कळून पहिल्या रांगेत दोघं हसलेसुद्धा. मग हळूहळू त्यांचं हसणं बंद पडलं. मी माईक ठेवला आणि बाहेर आलो.

बाहेर समोसे मांडले होते. साहेब माझ्यामागून आले. मला वाटलं, कॉलर धरतील. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "यार, तुम अब भी वैसे ही हो," म्हणाले. "मैंने भी तो भले के लिए ही किया था. वो गठरी... मैंने भी भले के लिए ही बाँधी थी." त्यांच्या ओठाला चटणी लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. मला दोन्हीची सारखीच किळस आली. त्याहून जास्त किळस याची आली की 'भले के लिए' म्हणताना माणूस खोटं बोलत नव्हता. सुकलूसाठी ते गाठोडं बांधलं तेव्हाही त्यांच्या मनात भलंच होतं. जो भला माणूस समोरच्याला खरं पेलणार नाही असं ठरवून टाकतो, त्याच्याइतकं घाण मी कुठल्याही घमेल्यात पाहिलेलं नाही. आणि मी त्याच माणसाच्या बाजूनं तुमच्याशी इतकी वर्षं भांडत होतो.

काल मी सुकलूच्या गावी गेलो. त्याला सांगायला कुणी गेलं नव्हतं. अर्धी वाट बसनं, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. तो अंगणात बांबू सोलत होता. केस पांढरे झालेत, पाठ वाकलीय, घरात दुसरी बायको आहे, सुना आहेत. त्यानं मला ओळखलं. मी म्हटलं, "मॅडम नहीं रहीं."

तो बांबू सोलायचा थांबला. सुनेनं खाट टाकली, मी बसलो. तो खाटेसमोर येऊन बसला. मग विचारलं, "मिट्टी दिया कि जलाया?"

"जलाया."

"हाथ में कुछ आया?"

"आया," मी म्हटलं. तुमच्या भाच्यानं राख सावडताना माझ्याही ओंजळीत दिलं होतं, ते त्याला सांगितलं.

सुकलूनं माझ्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं, त्या दिवशी ते हाड पाहिलं होतं तसं.

"पक्का उन्हीं का था?"

"पक्का. मैं खुद वहीं था."

"फिर ठीक है," तो म्हणाला, आणि मला पाणी आणायला उठला.